‘टू’ लावायचा की नाही? इंग्रजी क्रियापदांची सोबत आणि आपली मराठी

सूरसागर (धाग्याची सुरुवात)

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात मी संध्याकाळी घरीच इंग्रजीची शिकवणी घेते. येणारी बहुतेक मुले मराठी किंवा गुजराती घरांतली आहेत आणि परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतात. त्यांच्यापैकी एका मुलीच्या बाबतीत गेल्या महिन्यात जे घडले, ते मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

तिने जेथे अर्ज केला होता त्या महाविद्यालयाकडून विचारणा आली : ‘डिड यू रिमेंबर टू साइन द फॉर्म?’ अर्जाचे शेवटचे पान स्कॅनमध्ये पुसट आले होते, त्यामुळे सही करायची राहिली की काय, अशी त्यांना शंका होती. सही तर तिने केलेली होती. तिने तत्परतेने उत्तर लिहिले : ‘येस, आय रिमेंबर टू साइन इट.’ तिला म्हणायचे होते की सही केल्याचे मला पक्के आठवते. वाचणाऱ्याने मात्र ‘सही करायची आहे हे माझ्या लक्षात आहे’ असा अर्थ घेतला आणि ‘ठीक, आम्ही वाट पाहतो’ असे कळवले. मग ती निकालाची वाट पाहत बसली आणि ते सहीच्या अर्जाची. यात आठ दिवस गेले. तिने ‘आय रिमेंबर साइनिंग इट’ एवढेच लिहिले असते, तर प्रश्न तेथेच मिटला असता.

ती रडवेली होऊन आली तेव्हा मी तिला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितले आणि दोन्ही अर्थ मराठीत बोलून दाखव म्हटले. क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, ‘सही करायचे लक्षात आहे’ आणि ‘सही केल्याचे लक्षात आहे’. जो भेद तिला इंग्रजीत दोन वर्षांत साधला नव्हता, तो तिच्या तोंडात जन्मापासून होता. ‘करायचे’ म्हटले की काम अजून पुढे आहे आणि ‘केल्याचे’ म्हटले की काम मागे पडले आहे. ‘टू साइन’ आणि ‘साइनिंग’ यांच्यात या क्रियापदापुरता नेमका हाच भेद आहे.

बाहेरच्या एका क्लासमध्ये या मुलांना क्रियापदांची लांबलचक यादी पाठ करायला दिली होती. वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज यांच्यापुढे ‘टू’; एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यापुढे ‘इंग’; आणि रिमेंबर, फर्गेट, स्टॉप, ट्राय, रिग्रेट यांच्यापुढे ‘दोन्ही चालते’. यातले शेवटचे दोन शब्दच घात करतात. दोन्ही चालते हे खरे आहे, परंतु एकाच अर्थाने चालत नाही. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला, तर ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे तो बोलायचा थांबला. ‘आय रिग्रेट टू से’ म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते सांगताना वाईट वाटते, तर ‘आय रिग्रेट सेइंग’ म्हणजे जे बोलून गेलो त्याचा पश्चात्ताप होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘टू’चा अर्थ मराठीच्या आधाराने शिकवावा, यादीच्या आधाराने नव्हे. आपल्याकडे ‘करायला’, ‘करायचे’, ‘करणे’, ‘करू’, ‘करण्यास’, ‘केल्याचे’ अशी इतकी रूपे आहेत की इंग्रजीतला जवळजवळ प्रत्येक भेद त्यांपैकी कोठेतरी सापडतो. येथील जाणकारांचा अनुभव वाचायला आवडेल.

मांडवीकर

सूरसागरताई, धागा फार चांगला काढलात. मी गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांत अनुवादाचे काम करतो, त्यामुळे आपल्या म्हणण्याला इतिहासातूनही आधार आहे, हे येथे नोंदवावेसे वाटते.

इंग्रजीतला हा ‘टू’ मुळात दिशादर्शक शब्द आहे, ‘घराकडे’ मधला ‘कडे’ असावा तसा. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या साध्या भाववाचक रूपाला ‘टू’ लागत नसे. मुख्यतः हेतू सांगायचा असेल तेव्हा त्या रूपाला चतुर्थीचा प्रत्यय लागे आणि त्याच्या आधी ‘टू’ येई. पुढे इंग्रजीतले विभक्तीचे प्रत्यय झिजून गेले, ‘टू’ तेवढा उरला आणि हेतू नसलेल्या ठिकाणीही पसरत गेला. आता आपले ‘करायला’ पाहा. त्याच्या शेवटचा ‘ला’ हा ‘रामाला’, ‘गावाला’ यांतलाच ‘ला’ आहे, आणि ‘करण्यास’ मधला ‘स’ही त्याच घरचा. ‘मी भाजी आणायला गेलो’ यात हेतू स्पष्ट दिसतो, पण ‘मला पोहायला आवडते’ यात कसला हेतू? तेथे आपला ‘ला’सुद्धा मूळ अर्थ सोडून नुसता जोडणीचा दुवा झाला आहे. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या या दोन भाषांनी दिशा दाखवणारा शब्द उचलला, तो हेतूसाठी वापरला आणि पुढे केवळ सांधा म्हणून ठेवला, याचे मला आजही नवल वाटते.

‘टू’ पुढे पाहतो असे आपल्याला वाटते, त्याचे मूळ या दिशेत आहे. होप, प्लॅन, प्रॉमिस, अग्री, थ्रेटन, ऑफर या सगळ्या क्रियापदांत मन पुढच्या कामाकडे वळलेले असते.

कारेलीबाग

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि दिवसभर परदेशी सहकाऱ्यांना इंग्रजीतच लिहितो. ताई, आपले म्हणणे मला पटते, पण ते नियम म्हणून मांडले तर मुले पुन्हा अडचणीत येतील, अशी भीती वाटते, म्हणून काही शंका मांडतो.

‘अव्हॉइड’, ‘पोस्टपोन’, ‘सजेस्ट’ आणि ‘कन्सिडर’ ही चारही क्रियापदे अजून न घडलेल्या कामाविषयी बोलतात. पुढे ढकललेले काम तर व्याख्येनेच पुढचे असते. तरीही या चौघांना ‘टू’ चालत नाही, ‘इंग’च लागतो. मराठीत आपण ‘जायचे टाळले’, ‘जायचे पुढे ढकलले’ असेच म्हणतो, म्हणजे मराठीच्या आधाराने गेलेला विद्यार्थी येथे हमखास ‘अव्हॉइडेड टू गो’ लिहील. आमच्याकडे तसे लिहिलेले मी नेहमी पाहतो.

दुसरी शंका ‘मॅनेज’ची. ‘शी मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’ म्हणजे तिने कशीबशी गाडी पकडलीच. काम होऊन गेले आहे, तरी ‘टू’ आहे.

तिसरी ‘आवडणे’ची. ‘मला पोहायला आवडते’ आणि ‘मला पोहायला आवडेल’ या दोहोंत मराठीत एकच रूप आहे. इंग्रजीत मात्र ‘आय लाइक स्विमिंग’ आणि ‘आय लाइक टू स्विम’ दोन्ही चालतात, पण ‘वुड लाइक’ म्हटले की ‘टू स्विम’च म्हणावे लागते. येथे मराठी वाट दाखवत नाही.

सूरसागर

कारेलीबाग, आपल्या तिन्ही शंका रास्त आहेत आणि पहिलीपुढे मी माघार घेते. टाळणे, सुचवणे, विचारात घेणे यांत काम करण्यापेक्षा कामाची कल्पना समोर धरलेली असते, म्हणून तेथे नामासारखा ‘इंग’ येतो, असे स्पष्टीकरण मी देत आले आहे. ‘प्रवास टाळला’ याऐवजी ‘प्रवास करणे टाळले’ म्हणून पाहा. ‘करणे’ हे नाम आहे हे कानाला लगेच कळते. ज्या क्रियापदापुढे ‘-णे’ हे रूप सहज बसते तेथे ‘इंग’ असण्याची शक्यता जास्त, एवढे मी मुलांना सांगते. मात्र ती केवळ शक्यता असते. ‘ठरवणे’ आणि ‘नाकारणे’ यांच्यापुढेही आपण ‘-णे’ वापरू शकतो, तरी इंग्रजीत ‘डिसाइड’ आणि ‘रिफ्यूज’ ‘टू’च घेतात. प्रत्येक क्रियापदाची सोबत शेवटी त्या त्या क्रियापदाबरोबरच शिकावी लागते.

‘सजेस्ट’बद्दल थोडे अधिक लिहिते, कारण आपल्या भागात ही चूक सर्वांत जास्त दिसते. ‘डॉक्टरांनी मला चालायला सुचवले’ याचे ‘द डॉक्टर सजेस्टेड मी टू वॉक’ असे केले जाते. मात्र ‘अ‍ॅडव्हाइज’ला माणूस आणि ‘टू’ दोन्ही चालतात, ‘सजेस्ट’ला ते चालत नाहीत. ‘सजेस्टेड दॅट आय वॉक’ किंवा ‘सजेस्टेड वॉकिंग’ म्हणावे लागते. अर्थ शेजारशेजारचे असूनही दोघांची सोबत वेगळी आहे.

रावपुरा

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आयुष्यभर इंग्रजीत पत्रे लिहिली, परंतु यातले बरेचसे आज पहिल्यांदा नीट कळते आहे.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर फलक आहे : ‘व्हिजिटर्स : वी डू नॉट अलाउ टू पार्क हिअर.’ यात काहीतरी खटकते हे मला वर्षानुवर्षे जाणवत होते, पण काय ते सांगता येत नव्हते. कोणी समजावून सांगेल का?

मांडवीकर

रावपुराकाका, आपल्या कानाला खटकले ते बरोबरच आहे. ‘अलाउ’, ‘परमिट’, ‘अ‍ॅडव्हाइज’, ‘एन्करेज’ ही क्रियापदे ‘टू’ घेतात, पण मध्ये माणूस असेल तरच. ‘वी डू नॉट अलाउ व्हिजिटर्स टू पार्क हिअर’ हे बरोबर. माणूस काढला की ‘टू’ही जातो आणि ‘इंग’ येतो : ‘वी डू नॉट अलाउ पार्किंग हिअर.’ फलकावर माणूस गेला आणि ‘टू’ मागे राहिला. मराठीत ‘येथे गाडी लावायला परवानगी नाही’ या वाक्यात कोणाला परवानगी नाही हे सांगावे लागत नाही. तीच सवय फलकावर उतरली आहे.

याच्या जवळचाच एक घोळ ‘वॉन्ट’चा आहे. ‘त्याने जावे असे मला वाटते’ हे आपले वाक्य ‘आय वॉन्ट दॅट ही शुड गो’ असे उतरते. मराठीत ‘त्याने’ हा कर्ता असतो, म्हणून इंग्रजीतही आपल्याला ‘ही’ हवासा वाटतो. इंग्रजीत मात्र ‘आय वॉन्ट हिम टू गो’ होते, म्हणजे जाणारा माणूस ‘वॉन्ट’चे कर्म होऊन बसतो.

गुजराती मुलांची अडचण आणखी वेगळी आहे, आणि बडोद्यात राहणाऱ्या शिक्षकाला ती माहीत असणे फार उपयोगाचे आहे. आपण ‘त्याला जाऊ द्या’, ‘तो रडू लागला’ आणि ‘तो भाजी घ्यायला गेला’ असे म्हणतो, म्हणजे पहिल्या दोहोंत ‘-ऊ’ आणि तिसऱ्यात ‘-ायला’. गुजरातीत ‘जवा दो’, ‘रडवा लाग्यो’, ‘लेवा गयो’ असे तिन्ही ठिकाणी एकच ‘-वा’ येते. त्यामुळे ‘लेट हिम टू गो’ ही चूक मला गुजराती लिखाणात अधिक दिसते. मराठी मुलाला ‘जाऊ दे’ आणि ‘जाऊ शकतो’ या दोहोंतला उघडा ‘जाऊ’ दाखवला, की ‘लेट गो’ आणि ‘कॅन गो’ यांत ‘टू’ का नाही, ते त्याच्या लक्षात राहते.

कारेलीबाग

हे फार उपयोगी आहे. पण मग ‘मेक’चे काय? ‘तिने मला रडायला लावले’ यात मराठीत ‘-ायला’ आहे, तर इंग्रजीत ‘शी मेड मी क्राय’, ‘टू’ नाही.

मांडवीकर

बरोबर, तेथे मराठी आणि इंग्रजी फारकत घेतात, आणि त्याहून मोठी गंमत पुढे आहे. वाक्य कर्मणी केले की गेलेला ‘टू’ परत येतो : ‘आय वॉज मेड टू क्राय.’ ‘सी’ आणि ‘हिअर’ यांचेही तसेच आहे. ‘दे सॉ हिम लीव्ह’, पण ‘ही वॉज सीन टू लीव्ह’. ‘लेट’चे असे कर्मणी सहसा करत नाहीत, तेथे ‘वॉज अलाउड टू’ म्हणतात. ‘हेल्प’ मात्र दोन्ही घरचा पाहुणा आहे : ‘हेल्प मी कॅरी’ आणि ‘हेल्प मी टू कॅरी’ दोन्ही शुद्ध. अमेरिकेत पहिले अधिक चालते आणि ब्रिटनमध्येही विसाव्या शतकात तेच वाढत गेले.

सूरसागर

‘प्रत्यक्षात काय वापरतात’ हा प्रश्न आता आलाच आहे, तर याद्या कशा तयार झाल्या तेही सांगते. क्रियापदामागून काय येते, याचे साचे बांधून शब्दकोशात देण्याचे मोठे श्रेय ए. एस. हॉर्नबी यांना जाते. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत आणि १९४२ मध्ये टोकियोत त्यांचा शब्दकोश निघाला. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा प्रसिद्ध शब्दकोश त्यातूनच पुढे आला. त्यात क्रियापदांचे २५ साचे दिलेले होते. परकीय विद्यार्थ्याला शब्दाच्या अर्थाइतकीच त्याच्या सोबतीची गरज असते, हे त्यांनी वर्गात अनुभवून ओळखले होते, आणि त्याबद्दल मला त्यांचे फार ऋण वाटते.

नंतर लेखी आणि बोली भाषेचे प्रचंड संग्रह संगणकावर आले. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली अशा संग्रहावर आधारलेला कोलिन्सचा शब्दकोश १९८७ मध्ये निघाला. १० कोटी शब्दांचा ब्रिटिश राष्ट्रीय संग्रह १९९४ मध्ये पूर्ण झाला. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा संग्रह कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, एस. व्ही. शास्त्री यांनी उभा केला. १९७८ साली छापलेल्या मजकुरातून निवडलेले १० लाख शब्द त्यात आहेत. आपण इंग्रजी कसे लिहितो, हे अंदाजाने नव्हे तर मोजून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

कमाठीबाग

मी येथे नवीन आहे आणि सध्या महाविद्यालयात शिकते आहे. माझा प्रश्न लहान आहे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असे सगळेच लिहितात. सरांनी तेथे लाल रेघ मारली. ‘टू’नंतर मूळ क्रियापद येते असेच शिकवलेले असताना येथे ‘मीटिंग’ का?

सूरसागर

कारण हा ‘टू’ तो नव्हे. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ आजही जुनाच, दिशा दाखवणारा आहे. ओळखण्याची सोपी खूण अशी की ‘टू’नंतर एखादे नाम ठेवून पाहावे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ हे बसते, म्हणून तेथे क्रियापदालाही नाम होऊन, म्हणजे ‘मीटिंग’ होऊन यावे लागते. ‘वॉन्ट टू दिवाळी’ बसत नाही, म्हणून तेथे ‘मीट’. हीच खूण ‘यूज्ड टू’ला लावावी. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन मांडवी’ म्हणजे पूर्वी मी मांडवीत राहत असे. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग इन मांडवी’ म्हणजे मांडवीत राहणे माझ्या अंगवळणी पडले आहे. दुसऱ्यात ‘यूज्ड टू द नॉइज’ असे नाम बसते, पहिल्यात बसत नाही.

मांडवीकर

कारेलीबाग यांची ‘मॅनेज’ची शंका राहून गेली होती आणि माझ्या कामाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘टू’ असलेल्या वाक्यात काम झाले की नाही, हे ‘टू’ सांगत नाही. आधीचे क्रियापद सांगते. ‘ट्राइड टू ओपन’ यात दार उघडले की नाही ते कळत नाही. ‘मॅनेज्ड टू ओपन’ यात उघडले. ‘फेल्ड टू ओपन’ यात उघडले नाही. लॉरी कार्टुनेन या भाषावैज्ञानिकांनी १९७१ मध्ये अशा क्रियापदांचा वेगळा वर्ग दाखवून दिला. त्यांची एक खूण फार सुंदर आहे. ‘डिड नॉट मॅनेज टू’ म्हटले की काम झाले नाही हे निश्चित होते, आणि ‘डिड नॉट फेल टू’ म्हटले की काम झालेच. रिमेंबर आणि फर्गेट हीसुद्धा ‘टू’बरोबर याच वर्गात बसतात : ‘रिमेंबर्ड टू लॉक’ म्हणजे कुलूप लावले, ‘फर्गॉट टू लॉक’ म्हणजे लावले नाही.

आता अनुवादाकडे येतो. ‘द बॉरोअर फेल्ड टू पे’ याचे ‘कर्जदार पैसे भरण्यात अपयशी ठरला’ असे मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येते आणि ते वाचताना मला खरोखर दुःख होते. कोणी परीक्षा दिली आणि अपयशी ठरला, हे समजते. या कर्जदाराने पैसे भरण्याचा प्रयत्न तरी केला होता का? इंग्रजी वाक्याचा अर्थ फक्त ‘कर्जदाराने पैसे भरले नाहीत’ एवढाच आहे. तेथे ‘फेल’ हे क्रियापद नकाराचे काम करते आहे.

अशी आणखीही क्रियापदे आहेत, जी इंग्रजीत वाक्याचा कणा असतात आणि मराठीत आली की क्रियाविशेषण होऊन बाजूला उभी राहतात. ‘आय हॅपन्ड टू मीट हिम’ म्हणजे ‘तो मला सहज भेटला’. ‘शी टेंड्स टू कम लेट’ म्हणजे ‘ती सहसा उशिरा येते’. ‘ही सीम्स टू नो’ म्हणजे ‘त्याला ठाऊक असावे’. शेवटच्यात तर वेगळा शब्दही लागला नाही, ‘असावे’ या रूपातच ‘सीम्स’ सामावले. उलट दिशेनेही हे उपयोगी पडते. ‘सहज भेटला’ याचे इंग्रजी करताना ‘ईझिली’ शोधत बसण्यापेक्षा ‘हॅपन्ड टू’ आठवले, तर वाक्य इंग्रजी वळणाचे होते.

रावपुरा

‘अपयशी ठरला’बद्दल मांडवीकरांशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या नोटिसांच्या मराठी मसुद्यांत तेच वाक्य असे आणि ते वाचून ग्राहकाला काही उलगडा होत नसे. ‘आपण हप्ता भरलेला नाही’ असे लिहिले की तो दुसऱ्या दिवशी बँकेत येई.

कारेलीबाग

बोलण्यातल्या एका गोष्टीची भर घालतो. बैठकांमध्ये ‘वॉन्ट टू’चे ‘वॉना’ होते, हे सर्वांना ठाऊक आहे, पण ते सर्वत्र होत नाही. ‘हू डू यू वॉन्ट टू मीट?’ म्हणजे तुला कोणाला भेटायचे आहे, आणि येथे ‘वॉना’ चालते. ‘हू डू यू वॉन्ट टू विन?’ म्हणजे कोण जिंकावे असे तुला वाटते. येथे बहुतेक मूळ भाषक ‘वॉना’ करत नाहीत. दुसऱ्यात ‘वॉन्ट’ आणि ‘टू’ यांच्यामध्ये जिंकणारा माणूस होता, तो प्रश्न होऊन पुढे गेला, तरी त्याची रिकामी जागा जोडणी होऊ देत नाही, असे व्याकरणकार सांगतात. वर मांडवीकरांनी ‘वॉन्ट हिम टू गो’ समजावले तेव्हा मला हे लगेच आठवले. मराठीत तर ‘कोणाला भेटायचे’ आणि ‘कोणी जिंकावे’ अशी दोन वेगळी रूपेच आहेत, म्हणजे जे इंग्रजीत फक्त उच्चारातून ओळखायचे, ते आपण उघड बोलून दाखवतो.

सूरसागर

सर्वांचे मनापासून आभार. ‘वॉना’चे हे उदाहरण मी उद्याच वर्गात घेणार आहे. ज्या मुलीमुळे हा धागा निघाला, तिच्या अर्जाचा खुलासा आता झाला आहे आणि तिला प्रवेशाचे पत्रही आले आहे. तिने आता एक वही केली आहे. दर आठवड्याला एकच क्रियापद घ्यायचे, डाव्या पानावर मराठीतली दोन वाक्ये लिहायची आणि उजव्या पानावर इंग्रजीतली, तीही वर्तमानपत्रात किंवा पत्रात प्रत्यक्ष वाचलेली, बनवलेली नव्हेत. या आठवड्याचे क्रियापद ‘मीन’ आहे. उजव्या पानावर तिने ‘आय मेन्ट टू कॉल यू’ आणि ‘द न्यू जॉब मीन्स गेटिंग अप अ‍ॅट फोर’ ही दोन वाक्ये लिहिली. पहिल्याच्या समोर ‘तुला फोन करणार होते’ असे लगेच लिहिले. दुसऱ्यापाशी ती बराच वेळ पेन धरून बसली, आणि मग तिने लिहिले, ‘नवी नोकरी म्हणजे पहाटे चारला उठणे आले’.